ऑपरेटिंग सिस्टीममध्ये खरोखर नवे असे काही असते का?

रावपुरेकर

मी बडोद्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकवतो. दर सहा महिन्यांनी नवा फोन बाजारात येत असताना आम्हाला १९७०च्या आसपासची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम का शिकवली जाते, असा प्रश्न या सत्रात एका विद्यार्थ्याने वर्गातच विचारला. मी त्याला जे उत्तर दिले, ते कितपत टिकते हे येथील जाणकारांकडून तपासून घ्यावे, यासाठी हा धागा काढत आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ साली बेल प्रयोगशाळेत झाला, परंतु केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्यापुढे तेव्हा पाटी कोरी नव्हती. बेल, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून मल्टिक्स नावाची प्रचंड प्रणाली उभारत होते आणि त्याच वर्षी बेलने त्यातून अंग काढून घेतले होते. फोल्डरच्या पोटात फोल्डर ठेवणारी फाइल-रचना आणि आज्ञा वाचणारा शेल हा कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, बाहेरचा एक सामान्य प्रोग्रॅम असणे, या दोन्ही कल्पना मल्टिक्समधून आल्या. मल्टिक्सच्याही आधी, १९६१ मध्ये, एमआयटीतच फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग, म्हणजे एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी, प्रणाली चालवून दाखवली होती. तिच्यातील रनकॉम या, फाइलीत लिहिलेल्या आज्ञा एकामागून एक चालवण्याच्या, सोयीची आठवण आजच्या लिनक्समधील 'आरसी'ने संपणाऱ्या सेटिंगच्या फाइलींच्या नावांत उरली आहे. नवी प्रोसेस, म्हणजे चालू स्थितीतील प्रोग्रॅम, निर्माण करणारा फोर्क हा कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) बर्कलीच्या टाइम-शेअरिंग प्रणालीतून घेतला. रिची आणि थॉम्प्सन यांनी १९७४ च्या आपल्या निबंधात स्वतःच लिहून ठेवले आहे की, युनिक्सचे यश नव्या शोधांत तितकेसे नसून काळजीपूर्वक निवडलेल्या मोजक्या सकस कल्पनांचा पुरेपूर उपयोग करण्यात आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, या क्षेत्रात कोणीही शून्यापासून सुरुवात करत नाही आणि म्हणूनच जुने शिकवावे लागते. माझे प्रश्न दोन आहेत. हे सर्वच ऑपरेटिंग सिस्टीमना लागू पडते का? आणि जुन्यावर रचत जाणे ही निवड असते की नाइलाज?

दांडियाबाजार

सर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' निघाले, तर अभ्यासक्रम समितीला पुढील वीस वर्षे बैठक घेण्याची गरज उरणार नाही. एवढ्यासाठी तरी माझे मत 'होय' असे नोंदवावे.

मकरपुरा

मी कर्नलवर काम करतो, त्यामुळे फोर्कच्या उल्लेखावर थोडे विस्ताराने लिहितो. 'उचलणे' म्हणजे नेमके काय, हे त्या एका कॉलमध्ये जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

पीडीपी-७ या लहानशा संगणकावरील सर्वांत पहिल्या युनिक्समध्ये फोर्क नव्हता. दोन टर्मिनले होती आणि प्रत्येकासाठी एकेक प्रोसेस होती. शेल आज्ञा वाचत असे, हवा असलेला प्रोग्रॅम स्वतःच्याच जागेवर आणून बसवत असे, आणि तो प्रोग्रॅम संपला की शेल पुन्हा डिस्कवरून वाचून आणला जात असे. म्हणजे आज आपण ज्याला एक्झेक म्हणतो, ते काम आधीपासूनच तेथे होत होते. फोर्क आणण्यासाठी प्रोसेसची यादी वाढवायची आणि चालू प्रोसेसची एक प्रत डिस्कच्या स्वॅप भागात, म्हणजे मेमरीतील मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेत, लिहायची, एवढेच करायचे होते. आणि स्वॅपसाठी लिहिणे-वाचणे तर त्या प्रणालीला आधीच येत होते. रिची यांनी नोंदवले आहे की, हा कॉल असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळींत झाला. बर्कलीच्या प्रणालीत नवी प्रोसेस निर्माण करताना अनेक पर्याय द्यावे लागत. बेलमध्ये ते सर्व गाळले गेले, कारण २७ ओळींत तेवढेच बसत होते.

आता यातला गमतीचा भाग. फोर्क आल्याबरोबर फोल्डर बदलण्याची आज्ञा चालेनाशी झाली. ती आज्ञा आता नव्या प्रोसेसमध्ये चालत असे, फोल्डर बदलत असे तो त्या नव्या प्रोसेसपुरता, आणि ती संपली की मूळ शेल होता तेथेच उभा असे. म्हणून ती आज्ञा शेलच्या आत घ्यावी लागली. आपण आज लॅपटॉपवर 'सीडी' लिहितो तेव्हा वेगळा प्रोग्रॅम का चालत नाही, याचे कारण हे आहे. बाहेरून आणलेली कल्पना घरात आली की घरातल्या इतर वस्तूंची जागा बदलते. त्यामुळे 'बर्कलीतून घेतला' या दोन शब्दांत ते काम मावत नाही.

लेजरकाका

मी संगणक अभियंता नाही. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत उभी हयात काढली आणि शेवटची वर्षे संगणक विभागात गेली. आमच्याकडे युनिक्सचा एक सर्व्हर एका वातानुकूलित खोलीत होता आणि बाहेर काउंटरवर हिरव्या अक्षरांची टर्मिनले होती, ज्यांना स्वतःची बुद्धी काहीही नव्हती. पुढे प्रत्येक टेबलावर स्वतंत्र पीसी आले, तेव्हा ही मोठी क्रांती असल्याचे आम्हाला प्रशिक्षणात सांगण्यात आले. आता माझा नातू ज्या लॅपटॉपवर काम करतो, त्यात ब्राउझरखेरीज काही नाही आणि सर्व काम दूरच्या कोणाच्या तरी सर्व्हरवर होते. मला तर हे आमच्या शाखेच्या जुन्या मांडणीहून वेगळे वाटत नाही. फक्त वातानुकूलित खोली कुठे आहे, हे आता कोणालाच ठाऊक नसते.

मकरपुरा

काका, आपले निरीक्षण अगदी नेमके आहे. एका मोठ्या यंत्रावर अनेकांना स्वतंत्र यंत्राचा भास करून देणे हे आयबीएमच्या सीपी-४० आणि सीपी-६७ या प्रणालींनी १९६०च्या दशकातच साधले होते आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली ग्राहकांसाठी जाहीर झाली. आजचे क्लाउड भाड्याने देते ते व्हर्च्युअल मशीन याच घराण्यातले आहे.

अलकापुरी

सर्वजण युनिक्सच्या घराण्याविषयी लिहीत आहेत, परंतु माझ्या आजूबाजूच्या बहुतेक कार्यालयांत विंडोज चालते आणि विंडोज काही युनिक्सचे अपत्य नाही. त्यामुळे रावपुरेकर सरांच्या पहिल्या प्रश्नाची खरी परीक्षा तेथे आहे.

मी तपासून पाहिले, तर वारसा तेथेही आहे, फक्त आजोळ वेगळे आहे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. १९८० मध्ये सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीतील टिम पॅटरसन यांनी नव्या १६ बिटी प्रोसेसरसाठी ८६-डॉस लिहिली, तेव्हा सीपी/एमचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत म्हणून कॉलची रचना तशीच ठेवली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती घरोघरी गेली. ड्राइव्हला ए, बी अशी अक्षरे आणि फाइलच्या नावाला आठ व तीन अक्षरांची मर्यादा, हे सारे सीपी/एमचे देणे होय. फ्लॉपी नाहीशी होऊन किती काळ लोटला, तरी आपली हार्ड डिस्क अजून सी आहे, कारण पहिल्या दोन जागा फ्लॉपीसाठी राखून ठेवलेल्या होत्या.

पुढे १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने फोल्डरची कल्पना युनिक्सकडून घेतली. परंतु युनिक्समध्ये फोल्डरची नावे ज्या तिरप्या रेघेने तोडतात, ती रेघ डॉसच्या पहिल्या आवृत्तीत आज्ञांचे पर्याय देण्यासाठी आधीच वापरात होती, म्हणून उलटी रेघ घ्यावी लागली. विंडोजवर मार्ग लिहिताना बोट ज्या उलट्या रेघेकडे जाते, ती दोन वारसे एकमेकांवर आदळल्याची खूण आहे.

निजामपुरा

'कॉन' नावाचा फोल्डर विंडोजवर तयार होत नाही आणि त्याचे कारण कंपनीच्या मालकालाही ठाऊक नाही, असा ईमेल कॉलेजच्या काळात सर्वांना आलेला असेल. आमच्या भागातील एका सायबर कॅफेचा मालक नवख्या मुलांशी त्यावर चहाची पैज लावत असे आणि त्याने कधीही चहाचे पैसे दिले नाहीत.

अलकापुरी

त्या गूढाचे उत्तर वरच्याच परिच्छेदात दडलेले आहे. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हते, आणि कीबोर्ड-पडदा, प्रिंटर यांना कॉन, पीआरएन अशी राखीव नावे देऊन फाइलसारखे वापरता येत असे. दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा जुने प्रोग्रॅम कोणत्याही फोल्डरमधून चालावेत म्हणून ही नावे सर्वत्र राखीव ठेवली गेली. त्या मालकाने चहा प्यायला, तो सुसंगततेच्या खात्यावर.

मकरपुरा

अलकापुरीताईंच्या प्रतिसादात एक भर घालतो, कारण आजचे विंडोज डॉसचे नाही. डेव्ह कटलर हे डीईसी या संगणक कंपनीत व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवणाऱ्या प्रमुखांपैकी एक होते. डीईसीने त्यांचा पुढचा प्रकल्प गुंडाळल्यावर ते १९८८ मध्ये काही सहकाऱ्यांसह मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि १९९३ मध्ये विंडोज एनटी बाहेर पडली. ड्रायव्हरकडे काम सोपवताना त्याचे एक पाकीट बनवून पाठवणे, व्यत्ययांच्या प्राधान्याच्या पायऱ्या, प्रोसेसच्या वापरातील मेमरीचा हिशेब ठेवण्याची पद्धत, असे कितीतरी त्यात व्हीएमएसच्या ओळखीचे आहे. वर दिसणारा चेहरा डॉस-विंडोजचा आणि आतला सांगाडा व्हीएमएसच्या घराण्याचा, अशी ही मांडणी आहे.

न्यायमंदिर

आतापर्यंत सर्वांनी मूळ धाग्याला दुजोराच दिला आहे, म्हणून विरोधी पक्षाची बाजू मी घेतो.

'प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीतून येते' हे विधान इतके व्यापक आहे की ते खोटे ठरूच शकत नाही, आणि जे खोटे ठरू शकत नाही त्यातून काही कळतही नाही. मँचेस्टरच्या ॲटलास संगणकावर १९६२ मध्ये डिस्कऐवजी फिरत्या ड्रमवरील जागा आणि मुख्य मेमरी यांचा एकच सलग पट्टा असल्याचा भास प्रोग्रॅमला करून दिला गेला; ती व्हर्च्युअल मेमरी तेव्हा नवीच होती. अनेक प्रोसेसना एकमेकींची वाट पाहायला लावणारे डायक्स्ट्रा यांचे सेमाफोर नवे होते. खुद्द युनिक्समध्येही नवे होते: एखादा प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर त्या प्रोग्रॅमच्या मालकाच्या अधिकाराने चालावा, या सेट-यूआयडी युक्तीसाठी रिची यांना १९७९ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. ज्या प्रणालीविषयी 'नवे शोध नव्हेत' असे आपण सांगता, तिच्यातील एका बिटाला सरकारने नवेपणाचा दाखला दिलेला आहे.

माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपण जे घेतले गेले त्याची यादी देता. जे टाकले गेले त्याची यादी कोणी द्यायची? वंशावळी नेहमी जगलेल्यांच्या असतात.

रावपुरेकर

न्यायमंदिर यांच्या पहिल्या आक्षेपाविषयी: सुट्या कल्पना नव्या असतात, हे मी नाकारलेले नाही. माझे विधान संपूर्ण प्रणालीविषयी आहे. आपण दिलेल्या उदाहरणांकडेच पाहा. सेट-यूआयडी हा एक बिट आहे आणि तो बसला तो वापरकर्ते, मालकी व परवानग्या यांच्या आधीच उभ्या असलेल्या चौकटीत. नवी कल्पना रुजते ती बहुधा अशीच, ओळखीच्या जागी आणि लहान आकारात. दुसरा आक्षेप मात्र मला मोलाचा वाटतो आणि त्यावर कोणी लिहिल्यास आनंद होईल.

मांडवीची ग्रंथपाल

मी ग्रंथालयात नोकरी केली. संगणकातील मला फारसे कळत नाही, परंतु हा वाद आमच्या व्यवसायात ओळखीचा आहे, म्हणून बडोद्याचेच उदाहरण देते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे बोलावले. त्यांनी पुस्तकांच्या वर्गीकरणाची बडोद्याची म्हणून जी पद्धत बसवली, तिच्यात कटर यांची विस्तारशील पद्धत आणि ड्यूई यांची दशमान पद्धत यांचा मेळ घातलेला होता. ती नवी होती की जुनी, यावर वाद घालता येईल. परंतु एकदा हजारो पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चढले की पद्धत बदलण्याचा खर्च प्रत्येक पुस्तकामागे मोजावा लागतो. रावपुरेकर सरांनी विचारलेला 'निवड की नाइलाज' हा प्रश्न मला येथे सुटल्यासारखा वाटतो: पहिल्या पुस्तकाच्या वेळी निवड असते, पुढच्या प्रत्येक पुस्तकागणिक ती नाइलाज होत जाते.

दांडियाबाजार

ताई, हे वाचून आमच्या कार्यालयातील ज्या सर्व्हरला कोणीही हात लावायला धजत नाही, त्याच्या पाठीवर क्रमांक लिहून ठेवावा असे वाटू लागले आहे.

फतेहगंज

मी डेव्हऑप्समध्ये, म्हणजे सर्व्हरवर प्रोग्रॅम उतरवून ते चालते ठेवण्याच्या कामात, आहे आणि आमच्या पिढीचे दैवत म्हणजे कंटेनर, अर्थात इतरांपासून कुंपण घालून चालवलेला प्रोग्रॅम. २०१३ मध्ये कंटेनर बनवण्याचे डॉकर हे साधन आले, तेव्हा जग बदलल्याचा गाजावाजा झाला. त्याची वंशावळ काढून पाहिली, ती येथे देतो.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये सीएचरूट हा कॉल होता, जो प्रोसेसला एका ठरावीक फोल्डरलाच फाइल-रचनेचे मूळ मानायला लावत असे. २००० मध्ये फ्रीबीएसडीने जेल आणले, ज्यात फाइलींबरोबर प्रोसेस आणि नेटवर्क यांनाही कुंपण घातले गेले. लिनक्समध्ये २००२ पासून नेमस्पेस येऊ लागले, आणि प्रत्येक प्रोसेसला फाइल-रचनेचे स्वतंत्र दृश्य देण्याची ती कल्पना बेल प्रयोगशाळेच्याच प्लॅन ९ या युनिक्सोत्तर प्रणालीतली होती. प्रोसेसर व मेमरीचा वाटा ठरवून देणारे सीग्रुप्स २००८ मध्ये लिनक्समध्ये आले. डॉकर आले तेव्हा कुंपणाचे सर्व दगड जागेवर होते.

तरीही मी न्यायमंदिर यांच्या बाजूला थोडा झुकतो. डॉकरने कुंपण शोधले नाही, परंतु प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सर्व सामान थरांच्या एका प्रतिमेत बांधून ती प्रतिमा कोणालाही एका आज्ञेने उतरवून घेता येईल, अशी व्यवस्था लावली. जेल वापरणारे प्रशासक ते काम हाताने करत होते. 'सुटे भाग जुने होते' एवढे म्हणून तो बदल निकालात काढणे मला न्याय्य वाटत नाही.

सुरसागरकाठ

मॅकविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात नोंदवतो. ॲपलने १९९६ च्या अखेरीस नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचे ठरवले आणि नेक्स्टची प्रणाली उभी होती ती कार्नेगी मेलन विद्यापीठातील माख कर्नल आणि बर्कलीचे बीएसडी युनिक्स यांच्यावर. त्यातून मॅक ओएस टेन आणि त्यातून आयफोन. आयफोनसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना 'एनएस'ने सुरू होणारी नावे पदोपदी भेटतात, ती नेक्स्टच्या नेक्स्टस्टेप या प्रणालीची आद्याक्षरे आहेत.

मकरपुरा

न्यायमंदिर यांनी टाकून दिलेल्यांची यादी मागितली होती. मल्टिक्सपुरती ती देण्याचा प्रयत्न करतो.

मल्टिक्समध्ये डिस्कवरील फाइल आणि मेमरीचा तुकडा यांत भेद नव्हता. फाइल 'वाचायची' नसे, ती पत्त्यावर असेच. युनिक्सने हे टाकले, कारण हाताशी असलेल्या लहान यंत्रात त्यासाठी लागणारे हार्डवेअर नव्हते. प्रोग्रॅम चालू असताना लागेल तेव्हा लायब्ररी जोडून घेण्याची सोयही मल्टिक्समध्ये होती आणि तीही युनिक्सने टाकली. मग काय झाले? १९८८ च्या सनओएस ४ मध्ये फाइल मेमरीत आणून बसवण्याचा एमएमॅप आणि सामायिक लायब्ररी, दोन्ही परत आल्या आणि आज बहुतेक लिनक्स त्यांच्यावरच चालते. म्हणजे यंत्र लहान होते तोवर कल्पना बाहेर थांबली आणि यंत्र मोठे झाल्यावर आत आली.

परत न आलेल्या गोष्टींचे दुःख अधिक आहे. मल्टिक्समध्ये अधिकारांची एकात एक अशी अनेक वलये होती आणि सर्व प्रोग्रॅम एकाच सर्वाधिकाऱ्याच्या भरवशावर चालत नसत. तेथे स्टॅक (प्रोग्रॅमच्या चालू कामाची तात्पुरती मेमरी) वरच्या दिशेने वाढत असे, त्यामुळे बफरच्या, म्हणजे माहितीसाठी राखलेल्या जागेच्या, बाहेर लिहिणारा सदोष प्रोग्रॅम परतीचा पत्ता सहजासहजी पुसू शकत नसे. शिवाय बहुतांश मल्टिक्स पीएल/१ भाषेत लिहिलेले होते, ज्या भाषेत अक्षरमाळेबरोबर तिची कमाल लांबी चालत असे. युनिक्स सी भाषेत पुन्हा लिहिले गेले आणि सीमध्ये अक्षरमाळ कोठे संपते हे ती संपेपर्यंत कळत नाही. पुढील अनेक दशकांतील सुरक्षेच्या तक्रारींपैकी कितीतरी या एका गाळलेल्या गोष्टीपाशी येऊन थांबतात. २०२२ च्या अखेरीस लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत रस्ट भाषेला प्रवेश मिळाला, तो हीच उणीव भरण्यासाठी.

तेव्हा माझे मत असे की, कोणती कल्पना पुढे जाते हे तिच्या गुणावर ठरत नसून ती कोणत्या वाहनात बसली यावर ठरते. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे बेलची मालक एटी अँड टी संगणकांच्या धंद्यात उतरू शकत नव्हती, म्हणून युनिक्स विद्यापीठांना नाममात्र दराने, मूळ कोडसह मिळाले. ते लहान आणि स्वस्त यंत्रावर चालत होते. मल्टिक्सला मोठे आणि महाग यंत्र लागे. चांगल्या कल्पना दोन्हीकडे होत्या.

न्यायमंदिर

मला हवे असलेले उत्तर हेच होते. आता मूळ विधान निदान खोटे ठरू शकेल इतके नेमके झाले, आणि तेवढ्यापुरता माझा विरोध मागे घेतो.

सयाजीगंज

या सर्व चर्चेचा एक देशी पैलू आहे. आपल्याकडे स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीमची घोषणा झाली की, 'हे तर लिनक्सच आहे' अशी टीका लगेच सुरू होते. सी-डॅकची बॉस ही डेबियन या लिनक्सवर आधारलेली आहे आणि २०२३ मध्ये पुढे आलेली, आयआयटी मद्रासमध्ये पोसलेली भरओएस ही अँड्रॉइडच्या मुक्त कोडवर. वरील वंशावळी वाचल्यावर ही टीका मला पोकळ वाटते. अँड्रॉइडचा कर्नल स्वतःच लिनक्सचा आहे. लिनक्सचे म्हणाल, तर १९९१ मध्ये लिनुस टॉरवाल्ड्स यांनी तो मिनिक्स ही शिकवण्यासाठी बनवलेली युनिक्ससारखी प्रणाली चालणाऱ्या यंत्रावर बसून, युनिक्ससारखा आणि सुरुवातीला मिनिक्सचीच फाइल-रचना घेऊन लिहिला.

अलकापुरी

सयाजीगंज, टीका पोकळ आहे हे मान्य. परंतु मग घोषणा करणाऱ्यांनीही पूर्वजांची नावे स्वच्छपणे सांगावीत. रिची आणि थॉम्प्सन यांनी फोर्क बर्कलीचा असल्याचे आपल्या निबंधात लिहिले, त्याने युनिक्सची उंची कमी झाली नाही. अडचण आधाराची नसून, आधार लपवण्याची आहे. आणि दुसरे असे की, आधार घेतल्यावर त्यात आपण काय बदलले, हे दाखवता आले पाहिजे. बर्कलीने युनिक्स घेतले आणि १९८३ मध्ये ४.२ बीएसडीमधून सॉकेटसह टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवरील संपर्काची व्यवस्था, परत दिले. तेवढे कोणी येथून दिले, तर स्वदेशी हा शब्द मीही आनंदाने वापरीन.

लेजरकाका

वारशात कर्जही येते. युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते आणि जेथे ती संख्या ३२ बिटांची आहे, तेथे १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी मोजणी भरून जाईल. लिनक्सच्या ५.६ या २०२० मधील आवृत्तीने ३२ बिटी यंत्रांसाठीही सोय केली, असे वाचले. वर्ष २००० च्या रात्री आम्ही शाखेत बसून होतो. या वेळी ती पाळी तुम्हा तरुणांची.

प्रतापनगर

सरांना वर्गात प्रश्न विचारणारा विद्यार्थी मीच. आदरपूर्वक विचारतो की, आज एखाद्याने खरोखर सर्व काही नव्याने लिहायचे ठरवले, तर ते शक्य आहे का? की आता तो दरवाजा बंद झाला?

मकरपुरा

दरवाजा उघडा आहे, परंतु आत येणाऱ्याला जुने पाहुणे बरोबर आणावे लागतात. प्लॅन ९ च्या निर्मात्यांपैकी एक, रॉब पाइक, यांनी २००० साली तक्रार केली होती की, नव्या प्रणालीला मान्यता हवी असेल, तर इतक्या प्रस्थापित मानकांना जागा द्यावी लागते की ती अखेरीस युनिक्ससारखीच दिसू लागते. गूगलच्या फ्युशिया या ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल युनिक्सच्या धर्तीचा नाही, त्यात फोर्कही नाही. तरी लिनक्ससाठी बनलेले प्रोग्रॅम चालवण्याकरिता तिच्यासाठी स्टारनिक्स नावाचा थर लिहावा लागला. आणि प्लॅन ९ चे म्हणाल, तर ती स्वतः फारशी पसरली नाही, पण विंडोजच्या पोटात लिनक्स चालवताना विंडोजमधून तेथील फाइली पाहता याव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने जी भाषा वापरली, ती प्लॅन ९ ची ९पी. बेलच्या कल्पनेचा हा पत्ता १९९० च्या सुमारास कोणीही ओळखला नसता.

खरोखर नवे काय, असे विचारशील, तर मी एसईएल४ या कर्नलचे नाव घेईन. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००९ मध्ये सीच्या सुमारे ८,७०० ओळींच्या त्या कर्नलविषयी गणिती सिद्धता दिली की, कोड विनिर्देशाप्रमाणेच वागतो. रचनेत तीही जुन्याच घराण्यातली आहे. लहान कर्नलची परंपरा आहे, आणि अधिकारपत्र दाखवून वस्तू वापरण्याची कल्पना तर १९६६ ची. परंतु संपूर्ण सर्वसाधारण कर्नलची अशी, यंत्राने तपासलेली सिद्धता त्याआधी कोणी दिलेली नव्हती. नवेपण शोधायचे असेल, तर ते अशा ठिकाणी शोध.

रावपुरेकर

प्रतापनगर, तुला वर्गात दिलेल्या उत्तरापेक्षा येथे मिळालेले उत्तर चांगले आहे. या चर्चेमुळे मी पुढच्या प्रयोगात एक बदल करत आहे. २००२ पासून जुन्या युनिक्सचा कोड मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. सहावी आवृत्ती सिम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवायची आणि आजच्या लिनक्समध्ये जसेच्या तसे उरलेले काय, बदललेले काय आणि ज्याची अजिबात ओळख पटत नाही असे काय, हे प्रत्येकाने शोधून लिहायचे.

प्रतापनगर

सर, मी आजच ती सुरू केली. 'सीडी' चालत नाही, 'सीएचडीर' लिहावे लागते, एवढे कळले. परंतु बॅकस्पेस दाबले तरी चूक पुसली जात नाही आणि सहज म्हणून ईमेलचा पत्ता टाइप केला, तर पूर्ण ओळच रद्द झाली. सिम्युलेटर बिघडला आहे का?

मकरपुरा

बिघडलेला नाही. तेव्हाची टर्मिनले कागदावर छापत, त्यामुळे मागे जाऊन पुसणे शक्यच नव्हते. '#' लिहिले की आधीचे एक अक्षर रद्द आणि '@' लिहिले की पूर्ण ओळ रद्द, असा नियम होता. आणि तुझ्या प्रयोगवहीसाठी सांगतो, तो नियमही मल्टिक्समधूनच आलेला आहे.

लेजरकाका

बाळ, बंद करण्याआधी 'सिंक' ही आज्ञा द्यायला विसरू नकोस, नाहीतर डिस्कवरील फाइली अर्धवट राहतील. आम्हाला ती तीनदा द्यायला शिकवले होते. एकदा का पुरत नाही, हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

मकरपुरा

काका, त्या काळी सिंक लिहिण्याचे काम फक्त रांगेत लावून लगेच परत येत असे, ते पूर्ण होण्याची वाट पाहत नसे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी ती आज्ञा हाताने टाइप करेपर्यंत डिस्कला आपले काम उरकायला अवधी मिळत असे. म्हणून प्रतापनगर, तिन्ही एकाच ओळीत अर्धविराम देऊन लिहू नकोस, त्याचा काही उपयोग होणार नाही.